बिननावाचं बोट

गफूरशेठच्या तोंडून आकडा ऐकलेला माणूस धारूरच्या बाजारात शोधूनही सापडला नसता. किती वाजले विचारलं, तर "दुपार झाली" म्हणायचे. वय विचारलं, तर "उतरतं हाय." मोबाईल होता, पण नंबर त्यांनी कुणाला तोंडी दिला नाही. फोन समोरच्याच्या हातात ठेवायचे आणि "तुमीच लावून घ्या तुमच्या फोनला" म्हणायचे. टेम्पोत माल चढताना एखादा हमाल मोठ्यानं कॅरेट मोजू लागला, की वखारीच्या दारातून ओरडायचे, "अबे, मनात मोज! आकडा तोंडातून निघाला की आपला ऱ्हात न्हाई. हवेत कोन कोन उभं असतंय, तुला ठावं हाय का?"

आम्ही हसायचो. रफिक हमाल तर मुद्दाम सांगायचा, "शेठ, लई चढले, थोडे ऱ्हायले. लई आन् थोडे मिळून काय होतात ते तुमीच बघा."

शेठही हसायचे. पण आकडा बोलायचे नाहीत.

शेठ गेले त्याला आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात. मी गोड बोलणारा नाही. मी फळांचा व्यापारी आहे. आंबट माल असेल तर आंबट म्हणून विकतो. अकरा हंगाम मी त्यांच्याकडे राबलो, आणि त्यानंतर नऊ वर्षं त्यांच्यावरचा राग एखाद्या बैलासारखा दावणीला बांधून पोसला. त्या रागाचं पुढं काय झालं ते सांगायचं आहे.

शेठ बारके होते. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डाव्या खांद्यावर लाल चौकड्यांचा मोठा रुमाल. त्या रुमालावरच त्यांचा सारा धंदा चालायचा. आमच्याकडे फळांचा आणि जनावरांचा जुना सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि देणारा दोघं उजवा हात रुमालाखाली घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट म्हणजे एक, दोन बोटं म्हणजे दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. बघणाऱ्याला नुसता रुमाल हलताना दिसतो. हात धरून ठेवला तर सौदा चालू, दोघांनी हात हलवला तर पक्का. एकानं हात बाहेर काढला की मोडला. मग देवानं सांगितलं तरी त्या दिवशी पुन्हा हात घालायचा नाही.

शेठच्या उजव्या हाताला करंगळीशेजारचं बोट नव्हतं. मुळापासून नव्हतं. म्हणून त्यांचा पूर्ण पंजा म्हणजे चार. हे साऱ्या बाजाराला माहीत होतं. पाच सांगायचे झाले तर ते पंजा दाबून पुन्हा एक बोट दाबायचे. शाळेत गुरुजींनी आम्हाला त्या बोटाचं नाव अनामिका सांगितलं होतं. म्हणजे बिननावाची. बाकीच्या चार बोटांना नाव आहे, तिला नाही. त्या वेळी मला त्याचं हसू आलं होतं.

माझी आणि शेठची पहिली गाठ घाटात पडली. मी किल्ल्याच्या उतारावरची सीताफळं तोडून आणायचो आणि रस्त्याच्या कडेला टोपली मांडून बसायचो. वय विशीचं, खिसा फाटका, आवाज मात्र डोंगरापलीकडं जायचा. शेठचा टेम्पो थांबला. मी भाव ओरडून सांगितला. ते टेम्पोतून उतरले. उकिडवे बसले, रुमाल माझ्या हातावर टाकला आणि आत हात घातला. मी तो खेळ वडिलांकडून शिकलो होतो. बोटं चाचपली आणि म्हणालो, "शेठ, तुमच्यात एक बोट कमी हाय. सौदा बरोबरीचा न्हाई. मला एक वाढवून द्या."

टेम्पोचा ड्रायव्हर पांढराफटक पडला. त्या बोटावर कुणी मस्करी करत नसे. शेठ माझ्याकडं बघत राहिले, मग मोठ्यानं हसले. "लई तोंडाळ हायस बे. उद्यापासून वखारीत ये."

माझ्या त्या बोटावरच्या वाक्यानं मला धंद्यात आणलं. त्याच वाक्यानं पुढं माझं काय केलं, ते मला फार उशिरा कळलं.

बोट कसं गेलं हे शेठ प्रत्येकाला वेगळं सांगायचे. ड्रायव्हरला सांगितलं, कडबाकुट्टीत गेलं. दिंद्रुडकडच्या एका बागायतदारणीला सांगितलं, साप चावला म्हणून वडलांनीच विळ्यानं उडवलं. कंपाउंडरला सांगितलं, लहानपणी दारात चेमटलं. मी एकदा बाग बघून परत येताना विचारलं. टेम्पो मी चालवत होतो, पुढं आम्ही दोघंच होतो, भर दुपार होती.

"सौद्यात गेलं," ते म्हणाले.

"कसल्या सौद्यात?"

"रुमालाखालच्या."

"मग झाला का पक्का?"

शेठनी आरशातून मागं बघितलं. मागं नुसती रिकामी कॅरेट होती. "चालू हाय अजून," ते म्हणाले. चहा घ्यायचा का विचारावं, तशा साध्या आवाजात.

मालक म्हणून ते गड्यांना जपणारे होते, आणि मालकपणाही जपणारे. हमाल जेवायला बसले की जगबुडी झाली तरी कुणाला हाक मारायची नाही. गड्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय स्वतः ताटावर बसायचं नाही. पण बसायचं ते एकट्यानं. आम्ही वखारीसमोरच्या लिंबाखाली डबे सोडायचो, ते मागच्या आढीच्या खोलीत दार लोटून जेवायचे. एकदा रफिकनं म्हटलं, "शेठ, या की आमच्यात. मिरचीचा ठेचा हाय." शेठ म्हणाले, "मालकाचं आन् गड्याचं ताट जवळ आलं की दोघातला एक जन उपाशी उठतो बेटा. तू जेव."

याला एकच अपवाद होता, आणि तो त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. ज्याला धंद्यात वाटा द्यायचा, त्याला दुपारी जेवायला बोलवायचं. पगाराचं बोलणं गादीवर, वाट्याचं दस्तरखानावर, म्हणजे जेवायला अंथरलेल्या कापडावर. ताटं वाढून तयार ठेवायची, आधी रुमाल टाकायचा, वाटा ठरवायचा आणि मग घास घ्यायचा. "भुकेला मानूस भाव लांबवत न्हाई, आन् जेवलेला मानूस कायबी कबूल करतो," असं त्याचं कारण सांगायचे.

माझ्या आधी हे बोलावणं मारुतीमामाला आलं होतं. मारुतीमामा वखारीतला सगळ्यात जुना माणूस, माल निवडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो आढीच्या खोलीत गेला, अर्ध्या तासानं बाहेर आला, हात धुतले. धुतच राहिला. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तिसऱ्याही नाही. पुढं बसस्टँडवर भाजलेल्या शेंगा विकायला लागला. काय झालं विचारलं की एकच सांगायचा, "जेवन चांगलं होतं." आणि उजवा हात उपरण्यात घालून ठेवायचा, थंडी असो नसो.

अकराव्या हंगामात, दसऱ्यानंतर, शेठ वखारीच्या दारात उभे राहून म्हणाले, "भागवतराव, उद्याचं जेवन माझ्यासंगं."

अकरा वर्षं मी "ए भागवत" होतो. त्या "राव"नं लिंबाखालची सगळी तोंडं माझ्याकडं वळली. पहिल्यांदा रफिकच बोलला. "राव झाले बे आपले भागवत! आता मारुतीमामासारखी एक कढई बघून ठेव, शेंगा भाजायला."

"थोबाड फोडीन," मी म्हणालो.

मला काय हवं होतं ते स्पष्ट सांगतो. चार आणे, म्हणजे पाव वाटा, आणि पाटीवर नाव. बालाघाटाच्या अलीकडं-पलीकडं कुठल्या बागेत सीताफळ कधी डोळा उघडतं हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येत होतं. शेतकरी फोन मला करायचे, बागा मी बघायचो, भांडणं मी मिटवायचो, लावायचोही मीच. पण मी कुठं गेलो की लोक म्हणायचे, "गफूरशेठचा माणूस आला." माझं नाव माहीत असूनही कुणी घेत नसे. तिशी उलटली होती. मुलीच्या शाळेच्या अर्जात बापाचा धंदा काय लिहायचा याचा मी एक संध्याकाळभर विचार केला होता आणि शेवटी "नोकरी" लिहून चिडून पेन फेकलं होतं.

बायकोनं, सुमननं, मला आदल्या दिवशी बसवून शिकवलं. "धुतलेला सदरा घाला. मालकानं घास घेतल्याशिवाय घेऊ नका. पुन्हा वाढलं तर एकदा नको म्हना, दुसऱ्यांदा घ्या. आन् आवाज चढवू नका. तुमचा आवाज चढला की तुमचं बरोबर असलं तरी चुकतंय."

"मला शिकवू नको. मी सौदे करून खातो."

"सौदे करता ते परक्या मानसासंगं," ती म्हणाली. "मालकाच्या ताटावर बसून सौदा करायचा म्हंजे येगळं हाय."

मी ठरवून गेलो: सहा आणे मागायचे, भांडत भांडत चारवर यायचं.

आढीच्या खोलीला खिडकी नव्हती. वर पत्रा, त्यात एक पारदर्शक तुकडा बसवलेला. तेवढ्यातून उन्हाचा चौकोन खाली पडायचा. चारी बाजूंना वाळल्या गवतात सीताफळं पिकायला लावलेली. ज्यानं कच्चं सीताफळ पाहिलं असेल त्याला कळेल: आधी त्याचे डोळे मिटलेले असतात, एकमेकांना चिकटून. पिकायला लागलं की ते सुटतात, मधून फिक्कट पिवळं दिसायला लागतं. आम्ही म्हणतो, डोळे उघडले. त्या दिवशी खोलीत शेकडो फळं होती, आणि सगळी एकदम उघडत होती. वास इतका गोड की घशात बसायचा. माश्या घोंघावत होत्या.

दस्तरखान अंथरलेलं होतं. दोन ताटं. भाकरी, भरलं वांगं, कांदा, दही.

"शनिवार हाय," शेठ म्हणाले. "तुमी पाळता. सूनबाईला सांगून भांडीबी नवी काढायला लावली. बिनघोर बसा."

हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून सावध झालो. ज्याला माल महाग घ्यायचा नसतो, तो आधी पाणी विचारतो.

शेठनी रुमाल खांद्यावरून काढला, झटकला, आमच्या दोघांच्या मध्ये धरला. "आन्यात बोलू. आधी हात, मग घास."

मी पंजा दाबून एक बोट दाबलं. सहा.

त्यांनी दोन दाबली.

मी हसलो. तेही हसले. मी पंजा दाबला. पाच. त्यांनी तीन. मी पुन्हा पाच. त्यांचा हात थांबला. ते विचार करताना अंगठा हलकेच फिरवायचे, तसा तो माझ्या मनगटावर फिरला. तेवढ्यात मला जाणवलं, की माश्यांचा आवाज बंद झाला आहे. उडून गेल्या नव्हत्या. वांग्याच्या वाटीच्या काठावर तीन-चार बसलेल्या दिसत होत्या, पण हलत नव्हत्या.

मग त्यांचा पूर्ण पंजा माझ्या तळहातावर आला. अकरा वर्षांच्या सवयीनं मी मनात मोजत गेलो. अंगठा. त्याशेजारचं. मधलं. मग नेहमीची मोकळी जागा.

जागा मोकळी नव्हती.

तिथं बोट होतं. बाकीच्या बोटांहून लांब, आणि गार. शेठचा हात गरम होता, त्या दोन गरम बोटांच्या मध्ये ते गार. त्याला पेरं होतं. त्याला नख होतं, आणि ते नख माझ्या तळव्यात सावकाश दाबलं गेलं. घाई नसलेल्या माणसासारखं.

मी हात बाहेर ओढला.

शेठ माझ्या हाताकडं बघत होते. चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांचा हात अजून रुमालाखाली होता. तो त्यांनी हळूच काढला, मांडीवर ठेवला. चार बोटं. मध्ये जागा.

"हात काढला तुमी," ते म्हणाले.

"शेठ, हे काय..."

"सौदा मोडला, भागवतराव. जेवा आता."

ताटावरून उठणं म्हणजे घराला शिवी. आणि सुमनचं वाक्य कानात होतं, आवाज चढवू नका. म्हणून मी जेवलो. त्याच हातानं भाकरी मोडली, त्याच बोटांनी वांगं खाल्लं. शेठ माझ्या बोटांकडं बघत होते, मी त्यांच्या. त्यांनी एकदा वाढलं, मी नको म्हणालो. दुसऱ्यांदा वाढलं, मी घेतलं. दोघांनीही काही विचारलं नाही. माश्या केव्हा पुन्हा सुरू झाल्या, लक्षात आलं नाही.

हात धुताना ते एवढंच म्हणाले, "ह्याच्यापुढं इथं काम करायचं का न्हाई, तुमीच बघा."

बाहेर आल्यावर मात्र माझा आवाज चढला. लिंबाखाली सगळ्यांसमोर मी त्यांना चालबाज म्हणालो. म्हणालो, वाटा द्यायचा नव्हता तर सरळ नाही म्हणायचं, जादूचे खेळ कावून करता? दार लोटलेलंच राहिलं. रफिकनं माझा डबा आणून हातात दिला. मस्करी केली नाही.

तिथून मी सरळ बसस्टँडवर गेलो. मारुतीमामा कढईत शेंगा हलवत होता. माझ्याकडं एकदा बघितलं.

"हात काढलास?"

"काढला."

त्यानं मूठभर शेंगा कागदात बांधून दिल्या. "जेवन चांगलं होतं पन," तो म्हणाला.

पुढं मी सिरसाळ्याला माझा धंदा उभा केला. पाटीवर माझंच नाव आहे, कुणाचं "आणि" नाही. मी रुमालाखाली सौदा करत नाही. भाव ओरडून सांगतो, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा. लोक म्हणतात, भागवतराव उघड्या मनाचा माणूस. खरं कारण आता तुम्हाला कळलं.

राग मात्र गेला नाही. कारण मागून विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं, की ती पाच बोटं होती. पाच आणे. म्हणजे मी मागितलेला आकडा मला मिळाला होता, माझ्या गरजेपेक्षा एक जास्त, आणि मीच हात काढला! म्हाताऱ्यानं मोठा भाव दाखवला आणि घाबरवून माझ्याच हातानं मोडायला लावला. याहून हुशार सौदा मी पाहिलेला नाही. बोटांच्या मध्ये काहीतरी धरलं असणार. काडी असेल, फळाचा देठ असेल, मेण असेल. मी घरी प्रयोग करून पाहिले. एकदा बोटांच्या फटीत गाजर धरून सुमनला टॉवेलाखाली हात घालायला लावला. तिनं चाचपलं आणि म्हणाली, "गाजराला नख नसतंय." मी गाजर अंगणात फेकलं.

नऊ वर्षांनी रफिक सिरसाळ्याला आला. दाढी पांढरी झालेली. "शेठनी बोलावलंय," म्हणाला. "उद्या दुपारी. जेवायला."

"मरायला टेकलेत म्हनून माफी मागायची हाय का?"

"ते मला काय ठावं? धंदा बंद केलाय त्यांनी. दिसभर आढीच्या खोलीत बसून असतात. फळ न्हाई तिथं एक, नुसतं गवत." मग जाता जाता म्हणाला, "राव म्हनले तुला. भागवतराव म्हनले."

मी गेलो. भांडायला गेलो. वाटेत सगळी वाक्यं तयार केली होती.

खोलीत सीताफळ नव्हतं, पण वास होता. तोच, घशात बसणारा. शेठ आता इतके वाळले होते की सदऱ्यात कुणी बसलं आहे की नाही कळू नये. भिंतीला एक पत्र्याची पाटी टेकवून ठेवलेली होती, धुळीनं भरलेली. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, "गफूर आणि". पुढं सगळी जागा कोरी.

"ही कधीची?" मी विचारलं. तयार वाक्यांत हे नव्हतं.

"तुमाला जेवायला बोलावलं त्याच्या आदल्या दिशीची. पेंटर म्हनला, फुडचं नाव सांगा. मी म्हनलं, जेवन होऊ दे." शेठनी बसायला खूण केली. "जायच्या आधी एक गोष्ट इचारायची ऱ्हायली. दस्तरखानावरचं दस्तरखानावरच इचारावं, म्हनून बोलावलं."

दोन ताटं होती. शनिवार नव्हता, तरी वांगंच होतं.

"आधी हात दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी बाही कोपरापर्यंत सारली, रुमाल झटकून दाखवला, पंजा पसरला. चार बोटं. जागा गुळगुळीत, जुन्या लाकडासारखी.

"आता तुमचा दाखवा."

"माझा कावून?"

"दाखवा तर."

मी हात पुढं केला. त्यांनी माझं एकेक बोट दोन बोटांत धरून चाचपलं, फळ पिकलं का बघतात तसं. करंगळीशेजारच्या बोटावर थांबले. पुन्हा चाचपलं.

"हे गरम हाय," ते म्हणाले. "आन् आखूड हाय."

"शेठ, काय बोलताय?"

"भागवतराव, घाटात पहिल्याच दिशी तुमी माझ्या बोटावर मस्करी केलीती. मी हसलो. तोंडाळ मानूस मला आवडला. पन मी ताट मांडून वाटा देत असताना तुमी माझ्या तुटक्या जागी बोट घालून चेष्टा केली, ती मला लई लागली. मारुतीनंबी तेच केलंतं. मला वाटलं, लिंबाखाली बसून तुमी सगळे मिळून हसता मला. मग पुन्हा कुनाला बोलावलंच न्हाई. मोडल्या सौद्याचं त्याच दिशी इचारता येत न्हाई, आन् ताटावरून उठल्यावर तुमी शिव्या देऊन गेले. इचारायचं कवा?"

"मी न्हाई घातलं, शेठ. ते तुमचं होतं. तुमी पूर्ण पाच दाबले."

"मी?" त्यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. "माझ्याकडं तेवढी हायत का?"

पत्र्यातून येणारा उन्हाचा चौकोन दोन ताटांच्या मध्ये पडला होता. मग शेठ बोलले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात मला किती वाजले ते सांगितलं नाही, तो स्पष्ट, मोठ्या आवाजात बोलला.

"मी चार दिले होते."

चार. मी घरून ठरवून निघालो होतो तेवढे. न कमी, न जास्त. नऊ वर्षं पोसलेला राग उभा राहायला जागा शोधू लागला आणि त्याला जागाच सापडेना. या माणसानं मला फसवलं नव्हतं. मीही त्याची चेष्टा केली नव्हती. दोघं एकमेकांच्या हाताकडं बघत जेवलो होतो, आणि मध्ये बसलेल्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"शेठ," मी म्हणालो, "खरं सांगा. तुमचं बोट कुठं गेलं?"

"ह्याच खोलीत. वडलांच्या टायमाला." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "रुमालाखाली हात घातला तवा होतं."

आम्ही जेवलो. त्यांनी वाढलं, मी नको म्हणालो. पुन्हा वाढलं, मी घेतलं. जेवण चांगलं होतं.

हात धुऊन मी उभा राहिलो. वाटलं, पाया पडावं. पण आमच्यात ती पद्धत नव्हती. ते म्हणाले, "या तुमी. मला जरा बसायचं हाय. आकडा तोंडातून गेलाय आज. आता तो मिटवावा लागन."

दारातून मी एकदा वळून बघितलं. शेठनी ताटं बाजूला सारली होती. उजवा हात दस्तरखानावर ठेवून त्यावर लाल चौकड्यांचा रुमाल टाकला होता. समोर गवत होतं, दुसरं कुणी नाही. चेहरा मात्र बाजारात असायचा तसा झाला होता, शांत आणि पक्का. रुमालाखाली चार उंचवटे दिसत होते. मी मनात मोजले. मग रुमाल जरासा हलला, समोरून कुणी हात घातल्यासारखा.

पुन्हा मोजायला मी थांबलो नाही. शेठनी हात काढला नाही, एवढं पाहिलं आणि उन्हात आलो.